तुम्ही विचारलेत म्हणून : दुर्बिणीतून तेजोमेघ रंगीत का दिसत नाही?

हिवाळ्यात आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली की शेजारपाजारची मंडळी जमतात, आणि मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा प्रचंड ढग, पाहून झाल्यावर बहुतेक जण थोडे थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेताने, एकच प्रश्न विचारतात : छायाचित्रात तो लालजांभळा, झगझगीत दिसतो, मग इथे नुसता राखाडी धुरासारखा का? आणि असाच दिसणार असेल, तर त्यासाठी थंडीत नागपूरहून पेंचच्या जंगलापर्यंत जाण्यात काय आहे? उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी तो सापडतो कसा, हे सांगायला हवे, कारण गोंधळाची सुरुवात तिथेच होते. आपल्याकडे मृग म्हटला की जूनचा पहिला आठवडा, पेरणी आणि आभाळाकडे लागलेले डोळे आठवतात. पण ७-८ जूनला मृग लागतो याचा अर्थच असा की सूर्य त्या नक्षत्रात असतो, आणि म्हणून ते त्या दिवसांत रात्री दिसत नाही. मृग पाहायचा तो पौष-माघात. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की नागपूरहून तो क्षितिजापासून साठ अंशांहून अधिक उंचीवर असतो. चार कोपऱ्यांतले चार तारे हे हरणाचे पाय आणि मधले तीन हा पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ डावीकडे खाली वाढवली की बाण मारणारा व्याध सापडतो, आणि उजवीकडे वर वाढवली की रोहिणी. या बाणाच्या खाली आणखी तीन अंधुक ठिपक्यांची छोटी उभी ओळ लोंबत असते. त्यांतला मधला ठिपका हा एकटा तारा नव्हे, तोच हा तेजोमेघ. काळोख्या जागी तो नुसत्या डोळ्यांनाही किंचित पुसट दिसतो, आणि दहा बाय पन्नासच्या (दहा पट वर्धन, पन्नास मिलिमीटरची भिंगे) साध्या द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, त्याचे धुके शहरातूनही ओळखता येते.

आता रंगाचा प्रश्न. त्या धुक्याच्या मध्यभागी चार तारे समलंब चौकोनासारखे दाटीने बसलेले आहेत. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या सहापटीहून अधिक आहे, आणि त्याच्या अतिनील प्रकाशाने भोवतालचा वायू उजळतो. हायड्रोजन मुख्यतः ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देतो. छायाचित्रातला लाल रंग तो हाच. पण अंधारात आपण ज्यांनी पाहतो त्या डोळ्यांतल्या दंडपेशी या लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात, आणि रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना इतका क्षीण प्रकाश पुरत नाही.

मग आपल्याला दिसते ते काय? १८६४ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना एका तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली, जी पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. त्या रेषेसाठी ‘नेब्युलियम’ नावाचे एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की ती आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनची आहे : दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अत्यंत विरळ वायूत ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश देतो. काळोखाला सरावलेला डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो तोही ५०० नॅनोमीटरच्याच आसपास. ही गोष्ट प्रथम समजली तेव्हा मी बराच वेळ तिचाच विचार करत राहिलो, आणि त्यानंतर तो राखाडी रंग मला कधीच उणा वाटला नाही. छायाचित्रात हायड्रोजनचा लाल रंग पुढे येतो. आपल्या डोळ्यांच्या वाट्याला बराचसा तो ऑक्सिजनचा प्रकाश येतो.

‘मोठी दुर्बीण घेतली तर रंग दिसेल का’ असेही विचारले जाते. तारा बिंदुरूप असल्यामुळे दुर्बिणीतून तो अधिक तेजस्वी दिसतो. पसरलेल्या वस्तूचे तसे नाही. दुर्बीण तिचा आकार वाढवते, पण तिच्या पृष्ठाचे तेज नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून वाढवू शकत नाही. मोठ्या आरशातून गाभ्याजवळ फिकट हिरवट छटा काहींना जाणवते, लाल मात्र क्वचितच. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी, कारण तो प्रकाश साठवत राहतो. अमेरिकी हौशी खगोलनिरीक्षक हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना ५१ मिनिटे प्रकाश साठवावा लागला होता. डोळ्याला क्षणाच्या एका अंशापलीकडे साठवता येत नाही.

म्हणून डोळ्याला जे करता येते ते नीट करू द्यावे. काळोखाला सरावायला किमान वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती मिनिटे वाया जातात. गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप येत असेल तर डोक्यावरून काळी शाल घ्यावी. तेजोमेघाकडे थेट न पाहता थोडे बाजूला पाहावे, म्हणजे त्याचा प्रकाश दंडपेशी दाट असलेल्या भागावर पडतो. या तिरक्या नजरेची सवय व्हायला काही रात्री जातात.

जागेचा फरकही मोठा आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या उद्यानाचा, दर्जा मिळाला, आणि तिथून नागपूरचा उजेड दक्षिण क्षितिजावर दिसत असला तरी मृग त्याच्या बराच वर असतो. माझी दुर्बीण साधी आहे, सहा इंची आरशाची. ४८ पट वर्धन देणाऱ्या नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) शहरात मला चार तारे आणि त्यांच्याभोवती हाताच्या पंजाएवढे धुके दिसते. तीच दुर्बीण पेंचच्या बाजूला लावली तेव्हा त्या धुक्याला दोन्हीकडे पसरलेले पंख फुटले, आणि गाभ्यात घुसलेली काळी खाच इतकी स्पष्ट दिसली की ती काळी जागा रिकामी नसून समोर आलेली धूळ आहे, हे पटायला वेळ लागला नाही.

त्या वाटेवर मनसरच्या पुढे रामटेकचा डोंगर दिसतो आणि त्याच्या जवळच नगरधन, म्हणजे प्राचीन वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. तेजोमेघ सुमारे १३४० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे नेत्रिकेत आज येणारा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा वाकाटकांचे राज्य लयाला जाऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता.

प्रत्येक हिवाळ्यात मी लाल दिव्याच्या उजेडात पेन्सिलीने या तेजोमेघाचे एक चित्र काढतो. दुर्बीण तीच आहे आणि नेत्रिकाही तीच. पहिल्या चित्रात एक गोल पुसट डाग आहे आणि त्यात तीनच तारे. चौथा तेव्हा मला दिसलाच नव्हता. गेल्या माघात काढलेल्या चित्रात चारही तारे आहेत, खाच आहे, आणि खाचेच्या कडेने जाणारी एक बारीक उजळ रेघ आहे, जी आधीच्या एकाही चित्रात नाही.