चालताना बोलता आलं पाहिजे

आज गरोदर बायकांच्या व्यायामवर्गात पुन्हा तोच प्रश्न: किती चालायचं? डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला 150 मिनिटं. सवय नसेल तर रोज 10 मिनिटांपासून सुरुवात करा. वेग एवढाच, की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं. दोन शब्दांत धाप लागली तर हळू व्हा.

पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपून व्यायाम नकोच. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि गरगरतं. उठतानाही आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातांनी रेटा देऊन बसा.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज यातलं काहीही दिसलं तर तिथेच थांबा, लगेच डॉक्टरांना फोन करा. ‘थोडं बसले की बरं वाटेल’ म्हणत वाट बघू नका, कळकळीने सांगतेय.