हॉलिडे होमवर्कमधलं सुप्रीम कोर्ट

सीबीएसईची अकरावी एप्रिलमध्येच सुरू होते आणि मे महिन्यात हॉलिडे होमवर्क मानगुटीवर बसतं. लीगल स्टडीजच्या मॅमनी घटनेवरचे पाच गाजलेले निकाल दिले होते. प्रत्येकाचं केस ब्रीफ करायचं: हकीकत, वादाचे मुद्दे, निकाल, त्यामागची कारणं. अट एकच, मूळ निकालपत्र वाचायचं, गाईडमधून उतरवायचं नाही.

यादीत पहिलं केशवानंद भारती (१९७३). तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी, सात विरुद्ध सहा असा निकाल आणि अकरा वेगवेगळी निकालपत्रं! संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे पाठच होतं. मात्र त्या चौकटीत काय काय येतं याची यादी प्रत्येकाची वेगळी निघाली. डोकं भणभणलं, म्हणून ते शेवटावर ढकललं आणि बिजो इमॅन्युएल (१९८६) उघडलं. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकलं. कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. छोटं, सरळ आणि शाळेतलंच प्रकरण. कुणाला सुरुवात करायची असेल तर इथून करावी.

मी खरी अडकले ती ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका (१९८५) मध्ये. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडायचं जाहीर केलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "अगं, ऐन पावसात उठवलं होतं त्यांना!" पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी कोर्टात गेले. त्यांतला एक जण दुष्काळामुळे तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला शेतमजूर होता. दहिसरच्या केमिकल कंपनीत रोजचे २३ रुपये मिळवायचा आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर बायको आणि तीन मुलींसह राहायचा. प्लॅस्टिक आणि कॅनव्हासच्या त्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते. मी हिशोब केला: एकही खाडा न करता साडेतीन महिन्यांहून जास्त मजुरी! झोपडी पाडून पालिकेने कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, हा कामासाठी पुन्हा मुंबईत, पुन्हा फुटपाथवर. हे सगळं निकालपत्रातच आहे.

तोवर माझी वाचायची पद्धत ठरून गेली होती. आधी हकीकत, मग थेट शेवटचा आदेश, आणि मधला युक्तिवाद सगळ्यात शेवटी. या केसमध्ये त्याचा उपयोग झाला. गाईडमध्ये एकच ओळ असते: घटनेच्या कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कोर्टाने तसं म्हटलंय, शंकाच नाही. पण आदेश वाचला तर पालिकेचा अतिक्रमण हटवायचा अधिकार, पालिका कायद्याचं कलम ३१४, वैध ठरलंय. फक्त एरवी हटवण्याआधी त्या माणसांचं म्हणणं ऐकून घ्यावं. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायची. आणि हटवण्याआधी सगळ्यांनाच मुदत ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिनाभर.

हा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. तेच नाव यादीतल्या एडीएम जबलपूरमध्ये (१९७६) दिसलं तेव्हा मी दचकलेच. आणीबाणीत अटक झालेल्याला कोर्टाचं दार बंद, असं म्हणणाऱ्या चौघा न्यायमूर्तींत ते होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात. पुढे खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी केसमध्ये (२०१७) तो निकाल सदोष आहे असं लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. हे इतकं फिल्मी आहे की ब्रीफमध्ये कुठल्या रकान्यात घालावं कळेना. शेवटी समासात लिहिलं.

इंडियन कानून या वेबसाइटवर आणि सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात निकालपत्रं फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. मी इंग्रजीच वाचलं, कारण ब्रीफ इंग्रजीत द्यायचं होतं.

शाळा उघडल्यावर मॅमनी विचारलं, "ओल्गा टेलिसमध्ये जिंकलं कोण?" बरेच जण म्हणाले, फुटपाथवाले. मी ३१ ऑक्टोबरची तारीख सांगितली. "मग एक नोव्हेंबरला काय झालं?" ते काही निकालपत्रात नसतं. प्रोजेक्टचा विषय आता तोच घेतलाय; जुनी वर्तमानपत्रं चाळायची आहेत.