वस्तरा घ्यावा म्हणतो

पन्नाशीच्या आसपास पुरुषांना काहीतरी एक सुचतं. कुणी बासरीच्या क्लासला जातं, कुणी दर रविवारी सिंहगड चढायला लागतं आणि उरलेला आठवडा ते सगळ्यांना सांगत सुटतं. मला वस्तरा घ्यावासा वाटला. सलूनमध्ये असतो तो नव्हे, खरा. अख्ख्या पोलादी पात्याचा, मुठीत मिटणारा.

"त्यापेक्षा दाढी वाढव ना," बायको म्हणाली. "फुकट वाढते."

सलूनवाल्यांनी खरा वस्तरा केव्हाच ठेवून दिला. एड्सची धास्ती पसरली तशी गिऱ्हाइकं खुर्चीत बसता बसता "ब्लेड नवीन ना?" विचारू लागली. मग कारागीर दोन धारांचं ब्लेड कागदासकट मधोमध कटकन मोडून, अर्धं आपल्या डोळ्यांदेखत बसवू लागले. घरातून तर वस्तरा त्याच्याही आधी गेला. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थाने वापरून फेकायच्या ब्लेडचा रेझर १९०३ साली विकायला काढला, तेव्हा वर्षभरात ५१ नग खपले. पुढच्या वर्षी आकडा ९० हजारांवर गेला. आळसाला बाजारपेठ कमी पडत नाही.

आता घ्यायचाच तर कोणता? पुणेकर असल्यामुळे आधी भरपूर चौकशी आणि मग जमल्यास खरेदी, हा क्रम ठरलेला. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, हे मला तेव्हा कळलं. नवशिक्याने ५/८ किंवा ६/८ घ्यावा. त्याहून अरुंद पात्यावर फेस मावत नाही आणि फार रुंद पातं नाकाखाली वळत नाही. टोक गोल हवं. चौकोनी टोकाने मिशीची कड झकास कोरता येते म्हणे, पण ते टोक कानाची पाळीही तितक्याच झकास कोरतं. पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं असतं. जितकं खोलगट तितकं पातळ, आणि खुंट कापताना तितका त्याचा आवाज येतो. अगदी कागदासारखं पातं मात्र पहिल्यांदा नको. मधलं बरं.

पोलादात दोन पक्ष आहेत, साधं आणि स्टेनलेस. साध्याला धार लावायला सोपं, असं जाणकार सांगतात. पण ते जाणकार बहुधा जुलैत पुण्यात राहत नसावेत. इथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ओलं पोलाद किती तग धरणार? तरीही मी साध्याच्याच बाजूचा. पुसून, कोरडं करून, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून बाथरूमच्या बाहेर ठेवलं तर गंजत नाही. एवढंही होणार नसेल, तर बायकोचा सल्ला मानावा.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त वस्तरे एक से एक सुंदर दिसतात. कुणाच्या मुठीवर ड्रॅगन, कुणावर सोनेरी नक्षी. त्यांतल्या बऱ्याच पात्यांना नीट धार धरतच नाही. त्यांनी दाढी करणं म्हणजे आपली आपणच बिनपाण्याने करून घेणं. मूठ बघून वस्तरा निवडणं हे मुलाची नोकरी न विचारता त्याचा सूट बघून स्थळ पसंत करण्यासारखं आहे.

एवढं ज्ञान गोळा करून मी आमच्या शनिवार पेठेतल्या सलूनवाल्या मामांकडे गेलो. त्यांचे हात अस्सल वस्तऱ्यावर तयार झालेले.

"मामा, पहिला वस्तरा कोणता घ्यावा?"

"कोणताही घ्या. धार कोण लावणार?"

"तुम्ही."

"बरं. आणि रोज परजणार कोण?"

इथे माझं ज्ञान संपलं. मामांनी ड्रॉवरमधून वडिलांचा वस्तरा काढला, भिंतीच्या खुंटीला टांगलेला चामड्याचा पट्टा डाव्या हाताने ताणून धरला आणि पातं त्यावर सपाट टेकवलं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरच उलटलं आणि तसंच परत आलं. फट्-फट्, फट्-फट्. "नवीन माणूस धारेवरून उलटवतो अन् पट्टा कापून ठेवतो. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या." मग त्यांनी धार ट्यूबलाइटसमोर आडवी धरली. धारेवर कुठे चमक दिसली तर ती तिथे बोथट. तिथे काहीच दिसलं नाही, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

परजणं रोजचं; दगडाचं काम काही महिन्यांनी. बोहरी आळीत सुऱ्या-कात्र्यांना लावायचा दगड मिळतो तो यासाठी फार भरड. वस्तऱ्याला आठ हजार ग्रिटच्या (हा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) किंवा त्याहून बारीक दगडावर शेवटचा हात लागतो. कोन मात्र आपल्याला साधावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकली की कोन आपोआप जुळतो. ही युक्ती ज्या कोणा कारागिराला सुचली, त्याला माझा साष्टांग.

म्हणूनच जुना वस्तरा घेताना आधी पाठ बघायची. ती एकीकडेच चपटी झाली असेल, तर कुणीतरी रग लावून घासलेला आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारीवर कधीमधी एखादा वस्तरा दिसतो. पात्याच्या बुडाशी जर्मनीतलं 'सोलिंगेन' किंवा इंग्लंडमधलं 'शेफील्ड', अशा पात्यांसाठी नावाजलेल्या गावाचं नाव कोरलेलं असतं, आणि विकणारा त्यावरून थेट महाराणीपर्यंत पोचतो. पोचू द्यावं. आपण धारेशी काळे खड्डे आहेत का ते बघावं. बुडाशी गंज चालतो, धारेत चालत नाही. धार मधोमध आत खचलेली असेल तर खाली ठेवावा. नखाएवढी चीर असेल तरी तेच.

नवा जर्मन वस्तरा पाच आकडी रकमेला पडतो, म्हणून माझं मन जुन्यावर बसलंय: सोलिंगेनचा, ५/८, गोल टोकाचा, मूठ काळी आणि साधी. मामांनी धार लावायचं कबूल केलंय, पण अट घालून. पहिले काही आठवडे फक्त गाल. हनुवटी आणि ओठाच्या वरची जागा जुन्याच रेझरने. पातं त्वचेशी साधारण तीस अंशांत, दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली, आणि घाई असेल त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे एका दाढीला दोन हत्यारं, एक पट्टा आणि वर माझ्या मशीनचं तेल," बायकोने हिशेब मांडला. तेलाची बाटली तिने त्याच दिवशी वरच्या फळीवर ठेवली. मी स्टुलावर चढून ती काढू शकतो, हे तिच्या लक्षात आलेलं नाही.