शेजारच्या गावात आल्या होत्या

आत्या पडद्याआडून दोन मिनिटांत बाहेर आली. हातात ब्रशची ती बंद नळी. "एवढंच व्हय? म्या उगंच रात्रभर जागले."

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही या विषाणूची तपासणी होती. नमुना तिचा तिनेच घेतला. पॅप चाचणीत बदललेल्या पेशी शोधतात, इथे त्या पेशी बिघडवणाऱ्या विषाणूचा डीएनएच शोधतात. (विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, बहुतेकदा तो आपोआप जातो, हे तिला तीनदा सांगितलं.)

परतताना रिक्षात म्हणाली, "लई वर्षांमागं शेजारच्या गावात आल्त्या बाया तपासायला. आमच्याकडं कुणी आलं नाय."

आत्याचं सासर धाराशिव जिल्ह्यातलं, तेव्हाचं उस्मानाबाद. तिथेच १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. चार गट होते: एचपीव्ही, पॅप, ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि चौथा, तपासणी न केलेला. आठेक वर्षांनी दिसलं की एचपीव्हीच्या एकाच तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन्हींनी तसा ठळक फरक पडला नाही. आज जागतिक आरोग्य संघटना हीच तपासणी आधी करा म्हणते.

आत्याचं गाव चौथ्या गटातलं तर नसेल? रिक्षात हे डोक्यात आलं आणि मी गप्प बसले. ती मात्र खिडकीबाहेर बघत विचारत होती, "सूनबाईचं पण करून घ्यायचं का गं?"