गुरुवार, सायंकाळी पाच

2022 च्या जून महिन्यात शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा लागला, तरी माझ्या गायनवर्गातील 29 पैकी सात मुले परत आलेली नव्हती. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी 2002 पासून शास्त्रीय गायन शिकवते, त्यामुळे जूनमध्ये दोन-तीन मुले गळणे मला नवीन नव्हते. परंतु ज्या मुलांनी कोरोनाची दोन वर्षे मोबाइलसमोर बसून, माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला उशीर होत असल्यामुळे माझ्याबरोबर एक ओळही म्हणता येत नसताना, चिकाटीने शिकणे चालू ठेवले होते, तीच मुले दार उघडल्यावर येईनाशी व्हावीत याचा मला अर्थ लागत नव्हता. सातांपैकी पाच जणांकडून काहीच निरोप नव्हता. एका पालकांनी मे महिन्याची फी पाठवून त्याखाली ‘फायनल’ एवढेच लिहिले होते. सातवी मुलगी तिसरीत असताना माझ्याकडे आली होती आणि आता नववीत गेली होती. तिचा संदेश असा होता : ‘मॅडम, उद्यापासून क्लासला येणार नाही. नववीच्या बॅचचे टायमिंग क्लॅश होतेय. थँक यू.’ आणि पुढे जोडलेल्या हातांचे चित्र.

तिची वेळ गुरुवारी सायंकाळी पाचची होती. ती वेळ मी सहा महिने कोणालाही दिली नाही. नवीन मुलीची आई विचारायला आली, तेव्हा गुरुवार भरलेला आहे असे मी सरळ खोटे सांगितले, आणि गुरुवारी पाच वाजता तंबोऱ्याची गवसणी काढून, तारा जुळवून, पुन्हा गवसणी घालून ठेवत राहिले. आमचा तंबोरा मिरजेचा आहे, जुना आहे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच्या तारा रोज उतरतात, तेव्हा कामाला निमित्त होते. घरातल्या कोणी काही विचारले नाही.

त्या वर्षी मी चांगली वागले नाही, हे येथे लिहिणे भाग आहे. राहिलेल्या मुलांवर मी विनाकारण चिडू लागले. कोणी एक दिवस चुकवला की ‘तूही सोडणार आहेस का?’ असे विचारू लागले, आणि हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला विचारण्यासारखा नाही हे कळत असूनही तो तोंडातून जात असे. ऑगस्टच्या अखेरीस गौरी-गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत महाद्वार रोडवर ती मुलगी आणि तिची आई समोरून आल्या. मला पाहताच मुलगी बांगड्यांच्या गाडीकडे वळली आणि हातातली बांगड्यांची नळी उगाच फिरवत पाठमोरी उभी राहिली. आई म्हणाली, “मॅडम, आम्हीच येणार होतो हो भेटायला, पण हिच्या क्लासमुळं वेळच मिळंना झालाय.” मी म्हणाले, “सहा वर्षं झाली. एक फोन तरी करायचा होता.” ते मी मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. तिचा हात थांबला, परंतु ती वळली नाही. त्या सायंकाळी मला राग आला तो त्यांचा नव्हे. त्या मुलीला माझ्यासमोर तोंड लपवावे लागले, याचे कारण मी होते हे मला कळत होते.

पैशाचा विचारही होताच, आणि तो नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. त्या वेळी महिन्याची फी 700 रुपये होती. सात मुले गेल्याने महिन्याला 4,900 रुपये कमी झाले, आणि दिवाळीपर्यंत आणखी चार मुले गेल्यावर संख्या 18 वर आली. खाजगी शिकवणीला पगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, आणि मुलगा आजोळी गेला तर मे महिन्याची फी द्यायची की नाही हा वाद मात्र दरवर्षी असतो. तरीही मनाला जे लागले होते ते केवळ पैशाचे असते, तर मी गुरुवारची वेळ रिकामी ठेवली नसती.

दिवाळीच्या सुटीत मी कपाटातल्या हजेरीच्या वह्या बाहेर काढल्या. 2011 पासूनच्या वह्या नीट ठेवलेल्या होत्या. त्यापूर्वीच्या वाळवीने खाल्ल्या होत्या. तीन संध्याकाळ बसून मी प्रत्येक मुलाचे नाव, आलेला महिना, सोडलेला महिना आणि आठवेल तेवढे कारण एका कोऱ्या वहीत उतरवले. हे काम मी दुःख उगाळण्यासाठीच काढले होते, हे मान्य करते; निघाले ते मात्र वेगळेच. एकूण 164 नावे होती, त्यांपैकी माझ्याकडे पाच वर्षांहून अधिक काळ शिकलेली 21 होती, आणि बहुतेकांचा मुक्काम दोन ते तीन वर्षांचा होता. सोडून जाण्याचे महिने एप्रिल ते जुलै याच पट्ट्यात दाटलेले होते : परीक्षा संपते, सुटी लागते, सवय मोडते, आणि जूनमध्ये नवे वेळापत्रक हातात येते, त्यात गाण्याला चौकट उरत नाही. सातवीतून आठवीत जाताना एक लाट, नववीत दुसरी. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे काही मुले त्या प्रमाणपत्रापर्यंत थांबतात आणि प्रमाणपत्र हाती आले की जातात. त्यांच्याबद्दल मी पूर्वी फार कडवट बोलत असे, पण वही पाहिल्यावर असे दिसले की त्या गुणांच्या निमित्तानेच ती मुले दोन वर्षे अधिक टिकली होती.

वहीतल्या एका गोष्टीने मात्र मला बराच वेळ पुढचे पान उलटू दिले नाही. 12 ते 14 वर्षांच्या वयात सोडून गेलेले नऊ मुलगे होते, आणि त्यांतल्या सहा जणांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘सुरात नाही, रियाज कमी’ असा शेरा होता. या वयात मुलांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो, आणि तो स्थिरावेपर्यंत काही महिने, कधी वर्षभरही, मुलाला स्वतःच्याच गळ्याचा भरवसा राहत नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिश्रमाने गेला होता आणि पुढे त्यांनी आपल्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी घडवली, ही हकिगत मी प्रत्येक गुरुपौर्णिमेला मुलांना सांगत आले आहे. खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, म्हणजे आमच्या गावचा अभिमान. आणि ती गोष्ट रंगवून सांगणारी मी, तेरा वर्षांच्या मुलाला काळी चारच्या, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, सुरात तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागत नाही म्हणून सर्वांसमोर तीन-तीनदा म्हणायला लावत होते. त्या सहा जणांतला एक मुलगा शेवटच्या काही तासांना नुसता ओठ हलवत असे, हे तेव्हा कुठे मला आठवले.

त्यानंतर मी या वयाच्या मुलांना वेगळे शिकवू लागले. आवाज फुटू लागला की तंबोऱ्याचा सूर खाली उतरवायचा, काळी एकपर्यंत किंवा जेथे मुलाला बोलण्याइतके सहज म्हणता येईल तेथपर्यंत, आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून मध्य सप्तकातल्या पंचमापर्यंतच्या टापूतच काम करायचे. राहिलेल्या वेळात हार्मोनियमवर स्वर ओळखणे, हातावर ताल देत तीनतालाच्या 16 मात्रांत तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा, बसवणे, ऐकलेली ओळ स्वरलिपीत उतरवणे. गळा विश्रांती घेत असला तरी कान आणि हात घेत नाहीत. आवाज फुटतो म्हणजे काय ते मी मुलाला आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवते. तेव्हापासून या वयाचे चार मुलगे वर्गात होते. त्यांतला एक क्रिकेटसाठी गेला, तिघे आहेत.

वह्या आवरून ठेवताना आणखी एक विचार मनात आला आणि तो आजतागायत गेलेला नाही. या जिल्ह्यात गाणे शिकवण्याच्या दोन रीती शेजारी-शेजारी नांदल्या. एक घराण्याची. तिच्या कथा येथे घरोघरी ठाऊक आहेत : अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी शिष्या म्हणून स्वीकारल्या त्या आमच्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी, आणि धोंडूताई त्याआधी अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेल्या. एक गुरू, एक शिष्य, उभे आयुष्य. दुसरी रीत कुरुंदवाडला 1872 मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याला अभ्यासक्रम, पुस्तके, इयत्ता आणि परीक्षा दिल्या, म्हणजे ज्याला आयुष्य वाहता येणार नाही अशा सामान्य घरच्या मुलालाही गाण्याच्या दारातून आत येता यावे. जो आत येतो तो बाहेरही जातो. शाळेत तसेच असते. माझा वर्ग फी, तास, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा अशा पलुस्करी चाकोरीतून चालला होता आणि मनातली अपेक्षा मात्र घराण्याची होती. मुले करार मोडत नव्हती. तो करार त्यांच्याशी कोणी केलेलाच नव्हता.

शिवाय ज्या केसरबाईंची निष्ठा आम्ही उदाहरण म्हणून सांगतो, त्या लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या आणि मग गोव्याला परतल्या. त्या काळी वह्या ठेवण्याची पद्धत असती, तर त्यांच्या नावापुढेही सोडून गेल्याची एखादी रेघ दिसली असती.

यानंतर मी शिकवण्याचा क्रमच बदलला, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्यातला हाच भाग महत्त्वाचा आहे. पूर्वी मी मुलाला पहिले वर्षभर अलंकारांवर, म्हणजे स्वरांच्या पलट्यांवर, ठेवत असे, दुसऱ्या वर्षी भूप, दुर्गा, काफी यांच्या बंदिशी थोड्या-थोड्या, आलाप-ताना पुढे केव्हातरी. हा क्रम दहा वर्षे राहणाऱ्यासाठी उत्तम आहे. अडीच वर्षांनी जाणाऱ्याच्या हातात मात्र अर्धवट वस्तूंची पिशवी राहते. आता पहिल्या वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाला एक राग, भूप असो वा दुर्गा, चार आलाप, बंदिश आणि पाच-सहा सोप्या ताना असा दहा मिनिटे एकट्याने, मी हार्मोनियम न धरता म्हणता आला पाहिजे. आपला सूर कोणता ते माहीत पाहिजे, तंबोऱ्याचे ॲप त्या सुरावर स्वतः लावता आले पाहिजे, आणि छापील स्वरलिपी पाहून अनोळखी ओळ अडखळत का होईना म्हणता आली पाहिजे. माझ्या एका समव्यावसायिक मैत्रिणीला हे पटत नाही. पाया कच्चा ठेवून तू मजले चढवतेस, असे ती म्हणते. तिचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, ताना थोड्या ओबडधोबड येतात. तेवढे मी पत्करले आहे.

दुसरा बदल शेवटच्या तासाचा. प्रवेशाच्या वेळीच मी पालकांना सांगते की फी महिन्याच्या आरंभी द्यायची, सोडायचे असेल तर महिनाभर आधी कळवायचे, आणि शेवटचा तास चुकवायचा नाही. त्या तासाला मी काही नवीन शिकवत नाही. मुलाला जे आवडते ते तो म्हणतो, मी तंबोरा धरते, त्याच्याच फोनवर ते ध्वनिमुद्रित करते, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याचा सूर, झालेले राग आणि रोज वीस मिनिटे मिळाली तर काय म्हणावे ते लिहून देते. अभियांत्रिकीसाठी पुण्याला निघालेली एक मुलगी शेवटच्या तासाला मध्येच थांबून म्हणाली, “ताई, मी सोडत नाहीये, मी फक्त जातेय.” मी तिला समेवर परत आणले, कारण त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही.

सकाळी अकराला मोठ्या बायकांचा वर्ग सुरू केला, तो खरे तर फीची तूट भरून काढण्यासाठी. त्याही सोडून जातात, पण लेकीच्या बाळंतपणाला. बारसे आटोपले की परत येतात आणि मधल्या काळात गळा बसला म्हणून नातवालाच बोल लावतात.

महाद्वार रोडवरच्या त्या मुलीला मी पुढच्या गुरुपौर्णिमेला संदेश पाठवला : येऊन नुसते ऐकून जा, फी नाही, प्रश्न नाहीत. ती आली नाही. दोन दिवसांनी उत्तर आले की चाचणी होती. तिची स्वरलिपीची वही अजून माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर तिसरीतल्या अक्षरात तिचे नाव आहे आणि आत एका पानावर यमनचा तीव्र मध्यम दाखवणारी उभी रेघ तिने लाल पेनाने एवढी लांब ओढली आहे की ती वरच्या ओळीत घुसली आहे. आता तिची बारावीही झाली असेल.

यंदाच्या जूनमध्ये चार मुले गेली. तिघांनी शेवटचा तास पाळला, चौथ्याच्या आईला मी एकदा फोन केला आणि पुन्हा करणार नाही. गुरुवारची पाचची वेळ त्याचीच होती. ती मी त्याच आठवड्यात एका सात वर्षांच्या मुलीला दिली आहे. ती फार मोठ्याने म्हणते, खोलीत चप्पल घालून येते, आणि तिचा गंधार अजून जरा खाली लागतो.