कोणता नीलसन?

आमच्या इमारतीतल्या टपालपेट्यांवर ओळीनं नीलसन, हान्सन, येन्सन, पुन्हा नीलसन. नातं म्हणाल तर काडीचंही नाही. डेन्मार्कमधल्या ओडेन्समध्ये राहायचं म्हणजे या ‘सन’कारान्त मंडळींची चौकशी करणं ओघानंच आलं.

नील्सचा मुलगा तो नीलसन, इतकं सरळ. पण मग त्याच्या मुलाचं आडनाव वेगळं, नातवाचं आणखी तिसरंच. सरकारी दप्तराला हे कसं मानवावं? सरदार घराण्यांना कायमची आडनावं घ्यायला राजानं 1526 सालीच लावलं होतं. सामान्यांची पाळी 1828 मध्ये आली: बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला घराण्याचं नाव द्या, असा हुकूम निघाला. खेड्यापाड्यांत तो फारसा कुणी मनावर घेतला नाही, म्हणून 1856 मध्ये पुन्हा कायदा.

आणि तरीही! संगीतकार कार्ल नीलसन इथून जवळच, नोरे लिंडेल्से गावापाशी 1865 साली जन्मला. वडील नील्स योर्गेनसन, धंद्यानं रंगारी. शिवाय गावच्या समारंभांत व्हायोलिन आणि कॉर्नेट वाजवायचे. गाव त्यांना ‘नील्स रंगारी’ म्हणूनच ओळखायचं. मुलगा मात्र जुन्या रीतीनं बिनदिक्कत नीलसन. उलट परीकथावाले हान्स क्रिश्चन अँडरसन ओडेन्स शहरातले, जन्म 1805चा, हुकमाच्या कितीतरी आधीचा. वडिलांचं नाव हान्स, म्हणजे हे हान्सन व्हायला हवे होते. पण आजोबा अँडर्स यांच्यावरून वडिलांना मिळालेलं अँडरसनच पुढे चालू राहिलं. कायदा नसताना शहरात आडनाव गोठलं, कायदा असताना खेड्यात वाहतं राहिलं.

कार्लच्या बायकोचं मला भारी अप्रूप. आन मारी, स्वतः नावाजलेली शिल्पकार, माहेरची ब्रोडरसन. लग्नानंतर आडनाव लावलं ‘कार्ल-नीलसन’. नवऱ्याचं अख्खं नाव! लग्नानंतर मधल्या जागी नवरा येऊन बसतो याची आपल्याला सवय आहे, तरी मला हे जरा जास्तच वाटलं. पण नुसतं नीलसन लावून या देशात कोण कुणाला सापडणार?

1993 ते 2011 या काळात डेन्मार्कचे लागोपाठ तीन पंतप्रधान रासमुसन होते: पॉल न्यूरप, अँडर्स फॉग आणि लार्स लोके. आपापसात कसलंही नातं नाही, न्यूरप यांचा तर पक्षही वेगळा. बातम्यांतसुद्धा न्यूरप, फॉग, लोके अशी मधलीच नावं चालतात. नुसतं रासमुसन म्हणून बघा, समोरचा हमखास विचारणार, ‘कोणता?’