विहिरीतला तांबडा थर
(माजी विद्यार्थिनी, दहावी 1989)

आठवीत भूगोलाच्या बाईंनी आम्हाला शाळेमागच्या मळ्यात नेलं होतं. तिथे विहिरीचं खोदकाम चालू होतं. काळ्या कातळाखाली वीतभर तांबड्या मातीचा थर आणि त्याखाली पुन्हा कातळ. "बाई, हा किती वर्षांचा?" मी विचारलं. "वर्षं नंतर. आधी सांग, यातलं पहिलं कोण आलं?" खालचा लाव्हा निवला, त्यावर माती तयार झाली, मग दुसरा लाव्हा आला, हे आम्ही काठावर उकिडवं बसून शोधून काढलं.

पुढे भूशास्त्र शिकले आणि स्पितीत, पाराहिओ नदीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा बाईंचा प्रश्न पुन्हा समोर आला. हिमालयात थरांना घड्या पडलेल्या. कुठे ते उभे, कुठे पार उलटे. वरचा तो नवा, हा विहिरीतला हिशेब तिथे चालेलच असं नाही. शेल या गाळाच्या खडकातले कणही आधीच्या खडकांतून झिजून आलेले, त्यामुळे त्यांचं वय म्हणजे थराचं वय नव्हे. अशा वेळी ट्रायलोबाइट कामाला येतात. समुद्रातल्या या कवचधारी प्राण्यांच्या कितीतरी जाती दूरवर पसरल्या आणि भूशास्त्राच्या मानाने लवकरच नाहीशा झाल्या. अशी एक जात दोन ठिकाणी सापडली, की ते थर एका काळाचे धरता येतात. वर्षांचा आकडा मात्र सहसा ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांकडून मिळतो.

स्पितीच्या अशाच एका ट्रायलोबाइटचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ कूपर रीड यांनी 1910 मध्ये केलं. आज त्याला ओरिक्टोसेफॅलस इंडिकस म्हणतात. हा छोटासा जीव अमेरिकेत नेवाडातही सापडतो. 2018 मध्ये कँब्रियन कालखंडातल्या वुलिअन टप्प्याचा तळ, म्हणजे त्याची सुरुवात, साऱ्या जगासाठी ठरला, तो चीनच्या ग्वेझो प्रांतातल्या खडकांत, याच जातीच्या पहिल्या आढळावरून. 50 कोटी वर्षांहून जुनी ती खूण, आणि नाव 'इंडिकस'! वर्गात हे शिकवताना माझा आवाज आजही चढतो.

मागच्या दिवाळीत त्याची प्लास्टरची प्रतिकृती बाईंना नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला, डोक्यावरचे खळगे बोटाने चाचपले आणि विचारलं, "याच्या खालच्या थरात काय सापडतं गं?"